डाव्या चाकाचं दुखणं

माझा घरमालक माणसाचं तोंड नंतर बघायचा, आधी चपलेचा तळ बघायचा. मी खोली विचारायला गेलो तेव्हा त्यानं मला दारातच उभं केलं आणि म्हणाला, "चप्पल काढ. उलटी कर."

मला वाटलं, झालं. आता गाव विचारील, आडनाव विचारील आणि मग खोली कालच कोणाला तरी दिलेली निघेल. माझं गाव विचारीपर्यंतच रिकाम्या असणाऱ्या खोल्या मी नाशकात पुष्कळ पाहिल्या होत्या. मी चप्पल उलटी केली आणि म्हणालो, "मी महार आहे. आधीच सांगतो. मागाहून कटकट नको."

तो तळाकडे बघत होता. "टाच बाहेरून झिजलीय. आपटून चालतोस. रागीट दिसतोस."

"मी काय म्हणालो ते ऐकलंत का?"

"ऐकलं. जन्मभर जनावरं तपासली मी. जात विचारून औषध दिलं असतं तर निम्मी मेली असती."

"मी जनावर नाही."

"दिसतंय. जनावर एवढं बोलत नाही." आणि त्यानं किल्ली माझ्या हातावर टाकली. वरून नाही, हातावर. ज्यांना आयुष्यात कधी कोणी वरून काही टाकलेलं नाही, त्यांना या वाक्याचा अर्थ कळायचा नाही. न कळो.

तो सरकारी ढोरडॉक्टर होता. प्रत्येक वरिष्ठाशी भांडून, शेवटी वेळेआधीच पेन्शन घेऊन पेठच्या रस्त्याला, वस्ती विरळ होते तिथं घर बांधून राहिला होता. 'डॉक्टर' म्हटलं की चिडायचा. "ढोरडॉक्टर म्हण. माणसांचे डॉक्टर रोग्याला विचारतात काय होतंय, आणि तो खोटं सांगतो. माझा रोगी बोलत नाही, म्हणून मी हुशार झालो." स्वतःला हुशार म्हणवून घेण्यात त्याला काडीचा संकोच नव्हता. आपल्याइतकं बैलाच्या पायातलं कळणारा माणूस मुंबई इलाख्यात नाही, असं तो दूधवाल्यालाही सांगायचा.

कोटाच्या दोन्ही खिशांत खडू. तपासलेल्या जनावरावर खूण करायची सवय नोकरी सुटली तरी सुटली नाही. भाजीवालीच्या फणसावर, माझ्या ट्रंकेवर, एकदा तर दारात येऊन बसलेल्या भटजींच्या छत्रीवर त्यानं फुली मारली होती. गुडघे दुखले की घोड्यांसाठीचं औषधी तेल चोळायचा आणि मग दिवसभर सगळ्या घराला तबेल्याचा वास.

तो सुधारक नव्हता. हे मी स्पष्ट लिहितो, कारण वरच्या जातीतला कोणी चार शब्द बरे बोलला की त्याला हार घालायची आपल्या लोकांना घाई असते. माझ्या एकाही सभेला तो आला नाही. पंचवटीत देवळाच्या दारापुढे आमचे सत्याग्रह चालू होते ते दिवस. मी डोकं फुटून घरी आलो, तर त्यानं जखम धुतली, टाका घातला आणि वर म्हणाला, "त्या देवाला भेटून करणार काय? मला तर आत जायला कोणी अडवत नाही. मला तरी कुठं भेटला?"

"तुम्हाला अडवत नाहीत ना? मग तुम्ही बोलू नका," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि खरंच बोलला नाही. दोन दिवस. त्याच्या मानानं पुष्कळ.

माझी पत्रकं मात्र तो वाचायचा. मी छापखान्यातून ओलं पत्रक आणलं की चष्मा लावून बसायचा आणि शेवटी एकच बोलायचा: "आरडाओरडा फार आहे. दुखतंय कुठं ते सांग." मी सांगायचो की सगळीकडेच दुखतंय. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "सगळीकडं दुखतंय म्हणणाऱ्या रोग्याचं कोणी ऐकत नाही. एक पाय दाखव."

त्याच्याकडे एक जुनाट मोटार होती. कोणा बदली झालेल्या साहेबाकडून घेतलेली. तिला तो जनावरासारखंच वागवायचा. थंडीत बॉनेटवर गोणपाट टाकायचा, सुरू व्हायच्या आधी तिच्या मडगार्डावर थोपटायचा, आणि सुरू झाली नाही तर म्हणायचा, "आज मन नाही तिचं." या मोटारीच्या पायी आसपासचे सगळे ड्रायव्हर त्याचे ओळखीचे झाले होते. त्यातलाच एक चाचा.

चाचा जुन्या नाशकातला. नाशिक ते त्र्यंबक आणि बाजाराच्या दिवशी पुढं हरसूलपर्यंत जाणारी सर्व्हिस मोटार चालवायचा. वय झालेला, दाढीला मेंदी लावणारा, फार न बोलणारा माणूस. एक दिवस तो आमच्या ओसरीवर येऊन बसला आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"डॉक्टरसाब, शेठ मला चोर म्हणतोय."

प्रकरण असं होतं. त्याच्या मोटारीचं मागचं डावं टायर टिकत नव्हतं. उजवं धडधाकट, आणि डावं निम्म्या वेळात खलास, आतली सुतं दिसायला लागलेली. शेठनं नवं टायर घालून दिलं, तेही गेलं. आता शेठ म्हणत होता की एक तर चाचा वळणावर मोटार आडवीतिडवी फेकतो, नाही तर नवं टायर विकून त्या जागी जुनं बसवतो. पुढच्या बाजाराच्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आणणार होता.

"काढलं तर काढलं," चाचा म्हणाला. "पण चोर म्हणून काढलं तर या जिल्ह्यात कोण माझ्या हातात गाडी देईल? अल्लाकसम, मी आजवर गाडीतला खिळापण घरी नेला नाय."

हा शेठ कोण? खादीची टोपी, व्यासपीठावर पहिली खुर्ची, आणि तोंडात सदा 'आपण सारे बंधू'. 'माझ्या मोटारीत भेदभाव नाही' असं त्यानं भर सभेत सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. आणि त्याच मोटारीत आमच्या लोकांसाठी मागे डाव्या कोपऱ्यात एक फळी होती. बाहेरच्या बाजूनं ठोकलेली, मधे पत्र्याचा आडोसा. चौघांची जागा, आणि बाजाराच्या दिवशी तिच्यावर दाटीवाटीनं त्याच्या दुप्पट माणसं, मांडीवर पोरं, पायाशी बोचकी, आणि काही जण नुसते दांडीला लटकलेले. भाडं मात्र पुरं. पत्रा कशाला म्हणून मी विचारलं होतं, तर शेठ म्हणाला, "अरे बाबा, धूळ येते ना आत." मी त्यावर पत्रक काढलं. त्यानं त्याच पत्रकात चिवडा बांधून मला पाठवला.

त्यामुळे चाचाचं ऐकताच मी उठलो. "उद्याच्या उद्या पत्रक काढतो!"

"बस खाली," ढोरडॉक्टर म्हणाला. "पत्रकानं टायर झिजायचं थांबतं का? चाचा, मोटार घेऊन ये. रिकामी."

मोटार आली. त्यानं आधी तिला थोपटलं. मग मागच्या दोन्ही चाकांपाशी बसून टायरवरून हात फिरवला, जसा तो बैलाच्या खुरावरून फिरवायचा, डोळे मिटून. डावं टायर दोन्ही कडांना गुळगुळीत झालं होतं, मधे थोडी नक्षी उरली होती. उजवं उलट, मधे किंचित उतरलेलं, कडा तशाच. तो स्वतःशीच काहीतरी गुणगुणायला लागला. रोग आवडला की तो गुणगुणायचा.

मग गंगेवर. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पात्रातल्या ओल्या रेतीवरून त्यानं चाचाला मोटार सरळ न्यायला लावली आणि मागून वाकून चाकोऱ्या बघत चालला. म्हशी धुणारे लोक हसत होते. "काय हरवलं हो, डॉक्टर?"

"तुमची अक्कल. सापडली तर देतो," तो म्हणाला. मागच्या चाकांच्या चाकोऱ्या पुढच्यांच्या चाकोऱ्यांवर बरोबर पडल्या होत्या. "आस वाकडा नाही. मोटार तिरकी चालत नाही." मग पुलापर्यंत पळवून, ब्रेक लावून, त्यानं दोन्ही चाकांच्या ब्रेकांना हात लावून पाहिला. "सारखेच तापलेत. म्हणजे डावीकडचा ब्रेकही अडकून राहत नाही."

शेठचा मिस्त्री बरोबर आला होता. तो म्हणाला, "मी आधीच सांगितलं होतं. डावं टायर उजवीकडं आणि उजवं डावीकडं घालून पाहिलं मी. तर डावीकडं आलेलं चांगलं टायर झिजायला लागलं."

ढोरडॉक्टर ताडकन उभा राहिला. "गाढवा, हे आधी सांगायचं! बैल बदलला तरी खांदा त्याच बाजूचा सोलतोय, तर दोष बैलाचा की जुवाचा?"

"पण चाकांवरच्या कमानीचे पाटे मी नुकतेच नवे घातलेत. मोटार बघा की, कशी सरळ उभी हाय."

"रिकामी उभी आहे. गोठ्यात उभ्या बैलाचं लंगडणं कोणाला दिसतं? वजन किती घालता? कुठं?"

मिस्त्रीनं बोटांवर मोजून हिशेब सांगितला. उजव्या बाकावर इतके, डाव्या बाकावर तितकेच. टपावरचं सामान मधोमध. "दोन्हीकडं सारखं. मी स्वतः बसवतो."

चाचा खाली रेतीकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्याला माहीत होतं. पण ते बोलायचं म्हणजे फळीचं नाव घ्यायचं, आणि शेठच्या सभेतल्या भाषणाप्रमाणे फळी नव्हतीच.

"आणि फळीवरचे?" मी ओरडलो.

मिस्त्री गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. असती तर बरं झालं असतं. "ते... ते धरायचे का?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो. ढोरडॉक्टरनं माझा दंड धरला. तो हसत होता. इतका खूष मी त्याला कधी पाहिला नव्हता. "न मोजलेलं ओझं! वा! अरे, बैलाच्या पाठीवर माणसं बसवायची आणि म्हणायचं, ही माणसं नाहीत, मग बैल का बसला? माझ्या सबंध नोकरीत असा रोग आला नाही."

"रोग?" मी म्हणालो. "तुम्हाला मजा वाटते?"

"मजा नाही. सापडला याचा आनंद. आता बाजाराच्या दिवशी भरलेली मोटार बघू. सगळ्यांसमोर."

बाजाराच्या दिवशी सकाळी पुलाजवळच्या स्टँडवर मोटार भरली. नवा ड्रायव्हर कोट घालून हजर होता, आणि चाचा एका बाजूला उभा. शेठ स्वतः आला होता. चोराला सगळ्यांदेखत हाकलायचं होतं ना! मी नेहमीसारखा फळीवर बसलो, आमच्या बाकीच्यांबरोबर.

ढोरडॉक्टर आला आणि कोणाला काही न विचारता मोटारीच्या मागे भर रस्त्यात पालथा पडला. गर्दी जमली. त्यानं खिशातून खडू काढले, मागच्या दोन्ही टायरांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या रेघा ओढल्या आणि चाचाला ओरडला, "थोडी पुढं घे!"

"तो घेणार नाही," शेठ म्हणाला. "तो आता ड्रायव्हर नाही."

"मग तुम्ही ढकला."

लोक हसले. चाचानं मोटार थोडी पुढं घेतली. ढोरडॉक्टरनं शेठला हाताला धरून खाली बसवलं, खादीच्या धोतरासकट धुळीत. "बघा. डाव्या टायरवरची रेघ कडेपर्यंत पुसली. उजव्याच्या कडांना खडू तसाच आहे. डावं टायर ओझ्यानं पसरून कडांवर चालतंय. उजवं निवांत मधल्या पट्टीवर. आता बघा." आणि तो फळीकडे वळला. "उतरा सगळे."

आम्ही उतरलो. मोटारीची डावी बाजू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर आली, ओझं उतरवल्यावर म्हैस उठते तशी.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "आयला, एवढं वजन व्हतं व्हय त्येंचं!"

शेठ हुशार माणूस. तो क्षणात सावरला. "मग सोपं आहे! उजवीकडेही तशीच फळी लावू. निम्मे तिकडं बसतील."

माणसाला इथं-तिथं ठेवण्यासाठी दुसरी फळी सुचते, आत जागा देणं सुचत नाही! हे डोकं घेऊन हे लोक स्वराज्य आणणार आहेत.

ढोरडॉक्टर शांतपणे म्हणाला, "लावा. मग मागची दोन्ही टायरं जातील. आणि सगळं ओझं आसाच्या मागं गेलं की तोंड हलकं होईल. त्र्यंबकच्या वळणावर मोटार वळायची नाही. तुम्ही त्या दिवशी पुढं बसा म्हणजे झालं."

"मग करायचं काय?"

"मोटार आतून लांब आहे ना? माणसं आत सगळीकडं पसरून बसवा. ज्याला जिथं जागा मिळेल तिथं. आहेत तेवढीच घ्या, कोंबू नका. याला दुसरं औषध नाही."

तेव्हा गलका झाला. एक भटजी उतरले आणि टांगा शोधायला गेले. दोघंतिघं त्यांच्यामागून गेले. कोणीतरी ओरडलं, "तुम्ही धर्म बुडवायला निघालात!"

"मी टायर वाचवायला निघालोय," ढोरडॉक्टर ओरडला. "धर्माला चाकं असली तर त्याचीही बघीन!"

शेठनं भटजींकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं, पुन्हा भटजींकडे पाहिलं. मी त्याला बरीच वर्षं ओळखतो. त्याला मत बदलताना मी तेवढंच एकदा पाहिलं, आणि ते रबरानं बदललं. "काढा ती फळी," तो म्हणाला.

मिस्त्रीनं पत्रा उचकटला. मी ढोरडॉक्टरला म्हणालो, "माणूस म्हणून बसू द्या, असं आम्ही घसा फोडून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. टायर झिजलं तेव्हा ऐकलं. लाज वाटत नाही यांना?"

"पाय सुटला ना? जू उतरलं ना? मग कशानं उतरलं याचं भांडण उद्या घाल."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. हक्क हा टायराच्या किमतीवरून मिळायची गोष्ट नाही, आणि जो टायरावरून मिळाला तो टायर स्वस्त झालं की जाईल, असं मी त्याला तिथंच सांगितलं. तो म्हणाला, "मग तोवर बसायची सवय करून घ्या, म्हणजे उठवणं जड जाईल." पुढं घर आवरून तो धुळ्याकडे लेकीकडे राहायला गेला, तरी हे भांडण आमच्या पत्रांतून चालूच आहे. उत्तर मात्र मला अजून सापडायचं आहे.

मोटार निघायची वेळ झाली. नवा ड्रायव्हर केव्हाच निघून गेला होता. शेठ चाचाकडे न बघता म्हणाला, "चल, बस. उशीर होतोय."

चाचा हलला नाही.

"अरे, बस ना!"

"चोर बसेल का ड्रायव्हर बसेल, शेठ?" चाचानं विचारलं. आवाज मोठा नव्हता. पण अख्ख्या मोटारीनं ऐकलं. "चोर म्हणाले ते चार माणसांत म्हणाले. आताबी चार माणसं हायत."

शेठनं आजूबाजूला पाहिलं. आत बसलेले सगळे आता बाहेर बघत होते, आमचे आणि त्यांचे. शेवटी शेठनं चाचाचं नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, आणि पुढं 'साहेब' लावलं. "टायराचा दोष तुमचा नव्हता," तो म्हणाला. "चालवा."

चाचानं टोपी घातली आणि बसला.

मी आत चढलो. मोटारीच्या आत मी तोवर कधी बसलो नव्हतो. डाव्या बाकावर हरसूलच्या बाजाराला निघालेली एक बाई मांडीवर टोपली घेऊन बसली होती. तिच्या शेजारी जागा होती. ती माझ्याकडे पाहून कपाळाला आठ्या घालून बसली, मग तिनं बाहेर टांग्याकडे बघितलं, मग सूर्याकडे. "सरकते बाबा," ती पुटपुटली, "बाजार उठंल माझा." आणि सरकली. जरा वेळानं तिला पदर सारखा करायचा होता, तर तिनं टोपली उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवली.

"नीट धर," ती म्हणाली. "अंडी हायत."

पदर सारखा झाला, पण टोपली तिनं परत घेतली नाही. कदाचित विसरली. कदाचित तिचे हात दुखत होते. मी तिला आठवण केली नाही. सभेत टेबलावर मूठ आपटणारा मी, श्वास धरून बसलो. रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. त्र्यंबकच्या पुढं तर त्याला रस्ता म्हणणं म्हणजे खुशामत. वळणं, उतार, खडी. चाचा एकेका खड्ड्यातून मोटार अशी काढत होता, जशी झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावं.

हरसूलला मोटार थांबली. बाईनं टोपलीवरचं फडकं काढलं, अंडी खालीवर करून पाहिली, आणि माझ्याशी नाही, पुढं वाकून चाचाशी बोलली.

"येक बी नाय फुटलं रं, डायव्हरदादा. मागल्या येळंला बैलगाडीनं आले व्हते, तर निम्मी फुटली व्हती."